बॉम्बे बीच (कॅलिफोर्निया): सरकत्या काठावरची वस्ती

अपरांत (धागाकर्ता)

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यातील इम्पीरियल काउंटीत, सॉल्टन सी नावाच्या खाऱ्या सरोवराच्या पूर्व काठावर, बॉम्बे बीच ही छोटी वस्ती आहे. २००० सालच्या जनगणनेत तिथे ३६६ माणसे होती, २०१० मध्ये २९५ आणि २०२० मध्ये २३१. समुद्रसपाटीपासून ती सुमारे २२३ फूट, म्हणजे ६८ मीटर खाली आहे आणि अमेरिकेतील सर्वांत सखल वस्ती म्हणून तिचा उल्लेख होतो. नावामुळे मराठी माणसाचे लक्ष तिकडे जाते हे खरे, परंतु हा धागा काढण्याचे कारण वेगळे आहे. १९२९ साली इथे पाण्यालगत भूखंड पाडले गेले, पण ज्या पाण्याच्या ओढीने ते पाडले ते पाणी त्यानंतर एका जागी कधीच थांबले नाही. ते किती चढावे आणि किती उतरावे हे ठरवणारी माणसे मात्र कायम दुसरीकडे बसलेली होती. या वस्तीचा भूगोल आणि इतिहास त्यामुळे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

आधी सरोवराविषयी सांगतो. सॉल्टनचा खोलगट प्रदेश हा मुळात कॅलिफोर्नियाच्या आखाताचाच उत्तरेकडील भाग आहे. कोलोरॅडो नदीने हजारो वर्षे गाळ आणून टाकला, त्रिभुज प्रदेशाचा आडवा बांध तयार झाला आणि आखाताचे टोक समुद्रापासून तुटले. या खोलगट भागाचा तळ समुद्रसपाटीखाली सुमारे २७७ फुटांवर आहे. वर्षाला तीन इंचांहून कमी पाऊस आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणारे तापमान, अशा ठिकाणी पाणी साचून राहण्याचे कारणच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मिठागर होते आणि जवळून सदर्न पॅसिफिक कंपनीची रेल्वे जात होती.

१९०१ साली कॅलिफोर्निया डेव्हलपमेंट कंपनीने कोलोरॅडोचे पाणी कालव्याने या खोऱ्यात आणले. मधला काही भाग मेक्सिकोच्या हद्दीतून, अलामो नदीच्या जुन्या पात्रातून जात असे. कालवा गाळाने भरू लागला, शेतकऱ्यांना पाणी पुरेना, तेव्हा १९०४ च्या शरद ऋतूत कंपनीने सीमेच्या दक्षिणेला नदीच्या काठाला नवी वाट पाडली आणि तिला पक्के द्वार बसवले नाही. पुढच्या वर्षीच्या पुरांनी ती वाट रुंद होत गेली आणि १९०५ च्या उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ सगळी नदी आखाताकडे जायची सोडून सॉल्टनकडे वळली. मिठागर बुडाले, सॉल्टन हे ठाणे बुडाले, रेल्वेला रूळ पुन्हापुन्हा वर हलवावे लागले. शेवटी रेल्वे कंपनीनेच गाड्या भरभरून दगड ओतले. नोव्हेंबर १९०६ मध्ये भगदाड बुजले, डिसेंबरात पुन्हा फुटले आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये कायमचे बंद झाले. तोपर्यंत पाणी समुद्रसपाटीखाली १९५ फुटांपर्यंत चढले होते.

नदी परत गेल्यावर सरोवर आटून जाईल असा अंदाज होता, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पाणी उणे २५० फुटांच्या आसपास उतरलेही. मात्र खोऱ्यातील शेती वाढली होती आणि शेतांच्या निचऱ्याचे पाणी सगळ्यात सखल जागी म्हणजे सरोवरातच येत होते. १९२४ साली केंद्र सरकारने उणे २४४ फुटांखालची आपली जमीन निचऱ्यासाठी राखून ठेवली आणि १९२८ मध्ये ही रेषा उणे २२० फुटांपर्यंत वर आणली. म्हणजे हे पाणी चढणार आहे याची सरकारी कागदावर नोंद झाली होती, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी उणे २२३ फुटांवर बॉम्बे बीचचे भूखंड पाडले गेले. मला या दोन तारखांचा शेजार फार बोलका वाटतो.

वस्तीचा आराखडा साधा आहे. सरोवराकडे उतरणाऱ्या सपाट जागेवर अक्षरांची नावे असलेले रस्ते आणि त्यांना छेदणारे क्रमांकांचे रस्ते, असा काटकोनी चौकडा आहे. पूर्वेकडून रेल्वे आणि १११ क्रमांकाचा महामार्ग जातो, पश्चिमेला पाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या बाजूची माणसे मासेमारीला, नौकाविहाराला आणि हिवाळ्यातील ऊन घ्यायला येऊ लागली. पन्नाशीच्या दशकात राज्याच्या मत्स्य विभागाने आखातातून आणून सोडलेला कॉर्विना मासा इथे चांगला वाढला. १९५५ मध्ये सरोवराच्या ईशान्य काठावर राज्याचे करमणूक उद्यान झाले, १९५८ मध्ये पश्चिम काठावर सॉल्टन सिटीची विक्री सुरू झाली आणि १९५९ मध्ये नॉर्थ शोअरला आल्बर्ट फ्राय या वास्तुविशारदाने आखलेला यॉट क्लब उघडला. त्या मानाने बॉम्बे बीच साध्या माणसांचे राहिले. छोटी घरे, ट्रेलर आणि निवृत्तीनंतर स्वस्तात पाण्याकाठी राहू पाहणारी कुटुंबे, हेच त्याचे रूप होते.

मग पाणी वर आले. निचरा वाढतच होता, त्यात सप्टेंबर १९७६ मध्ये कॅथलीन आणि ऑगस्ट १९७७ मध्ये डोरीन या उष्णकटिबंधीय वादळांचा पाऊस भर घालून गेला. सरोवराजवळचे रस्ते बुडाले, घरे चिखलात आणि मिठात रुतली. उरलेल्या वस्तीच्या रक्षणासाठी मातीचा बांध घातला गेला. आज तो बांध उभा आहे आणि पाणी त्याच्यापासून लांब निघून गेले आहे.

खडकवासी

धाग्यासाठी मनापासून आभार. भूगर्भाच्या अंगाने थोडी भर घालतो, कारण या वस्तीची जागा त्या बाबतीतही असामान्य आहे.

कॅलिफोर्नियाचा प्रसिद्ध सॅन अँड्रियास भ्रंश (भूकवचातील लांबलचक भेग) दक्षिणेकडे जिथे संपतो ते टोक बॉम्बे बीचजवळ आहे. तिथून पुढे ब्रॉली भूकंपप्रवण पट्टा सुरू होतो. तिथे कवच ताणले जाऊन पातळ होत आहे, आखातातील दुभंगाचीच ती जमिनीवर आलेली शाखा आहे. त्यामुळे इथे भूकंप एकेकटे न येता झुंडीने येतात. मार्च २००९ मध्ये बॉम्बे बीचजवळ ४.८ तीव्रतेचा धक्का बसला, तोही अशाच मालिकेत. सप्टेंबर २०१६ मध्ये पुन्हा मालिका आली तेव्हा राज्याने काही दिवसांसाठी दक्षिण कॅलिफोर्नियाला सावधगिरीचा इशारा दिला होता. २००८ साली शास्त्रज्ञांनी दक्षिण कॅलिफोर्नियासाठी ७.८ तीव्रतेच्या काल्पनिक भूकंपाचा जो आराखडा केला, त्यात भ्रंश फाटायला सुरुवात होते ती बॉम्बे बीचपाशीच.

दक्षिणेला नायलंडजवळ चिखलाचा एक झरा आहे. कार्बन डायऑक्साइड वायूमुळे तो उकळल्यासारखा दिसतो, पण त्याचे पाणी फारसे गरम नाही. २०१६ पासून तो आपली जागा सोडून रेल्वेच्या रुळांकडे सरकू लागला. रेल्वेला तात्पुरता मार्ग टाकावा लागला आणि पुढे १११ क्रमांकाचा महामार्गही वळवावा लागला. बॉम्बे बीचमधून दक्षिणेला जायचे तर हाच रस्ता, हे लक्षात घेतले की या घटनेचे महत्त्व कळते.

मैत्रेयी_प

अपरांत, एक शंका आहे. आपण वस्ती म्हणता, गाव किंवा शहर म्हणत नाही. तिथे स्थानिक कारभाराची काहीच व्यवस्था नाही का? पाणी, दिवाबत्ती, शाळा हे सगळे कोण पाहते?

अपरांत

मैत्रेयीताई, प्रश्न अगदी योग्य जागी आहे. आपल्याकडे वस्ती लहान असली तरी ती कोणत्या तरी ग्रामपंचायतीत मोडते आणि सरपंचाचे दार ठोठावता येते. कॅलिफोर्नियात तसे नाही. रहिवाशांनी रीतसर प्रक्रिया करून नगराचा दर्जा मिळवला नसेल, तर ती जागा थेट काउंटीच्या कारभाराखाली राहते. इम्पीरियल काउंटीत दर्जा असलेली शहरे सातच आहेत. बाकी सगळ्या वस्त्यांसाठी पाच निवडून आलेल्या पर्यवेक्षकांचे मंडळ हाच कारभारी, आणि त्याचे कार्यालय एल सेंट्रोला. बॉम्बे बीचला महापौर नाही, नगरसभा नाही, जमीनवापराचे स्वतःचे नियम नाहीत. जनगणना विभागाने केवळ मोजणीसाठी तिच्याभोवती रेघ आखली आहे.

सेवांची वाटणी तर आणखी विखुरलेली आहे. वीज येते ती इम्पीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्ट या सिंचन संस्थेकडून. पिण्याचे पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था उत्तरेकडच्या कोचेला खोऱ्याच्या जलसंस्थेकडे आहे, जिचा मुख्य पसारा दुसऱ्या काउंटीत आहे. मुले कॅलिपॅट्रियाच्या शाळा जिल्ह्यात जातात. टपालाचा पत्ता नायलंडचा. स्थानिक पातळीवर एक सामुदायिक सेवा मंडळ आहे, पण त्याचे अधिकार मर्यादित आहेत.

याच रांगेतील कॅलिपॅट्रिया हे नगराचा दर्जा असलेले शहर आहे आणि समुद्रसपाटीच्या सुमारे १८० फूट खाली आहे. तिथे १८४ फूट उंचीचा ध्वजस्तंभ उभारला आहे, जेणेकरून झेंडा समुद्रसपाटीच्या पातळीवर फडकावा. बॉम्बे बीच त्याहूनही खाली आहे, पण कारभाराच्या नकाशावर तिची स्वतंत्र ओळख नाही. पाण्याचे करार झाले तेव्हा टेबलाशी बसणाऱ्यांत ही वस्ती नव्हती, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

सावली_म

मूळ लेख उत्तम आहे, तरीही वसाहतीचा इतिहास १९२९ पासून किंवा १९०५ पासून सुरू करणे मला पटत नाही. हे सरोवर अपघाताने जन्मले असे नेहमी म्हटले जाते. ते भगदाडापुरते खरे आहे. पण या खोलगट भागात कोलोरॅडो त्यापूर्वीही अनेकदा वळून आली आहे. शास्त्रज्ञ त्या जुन्या सरोवराला काहुइला सरोवर म्हणतात. ते आजच्या सॉल्टन सीपेक्षा कितीतरी मोठे होते, त्याचे पाणी समुद्रसपाटीच्याही सुमारे १२ ते १३ मीटर वर जात असे. सांता रोसा डोंगराच्या पायथ्याला त्या पाण्याची रेघ खडकावर अजून स्पष्ट दिसते. रेघेखालचा खडक चुन्याच्या फिकट थराने मढलेला आहे आणि वरचा काळपट.

काहुइला हे इथले मूळ रहिवासी लोक त्या सरोवराच्या काठी राहत. पाणी उतरू लागले की ते उतारावर दगडांचे छोटे वाफे रचत आणि त्यांत मासे पकडत. पाणी खाली गेले की खालच्या पातळीवर नवे वाफे. या वाफ्यांच्या ओळी आजही एकाखाली एक दिसतात, म्हणजे सरोवर कसे उतरत गेले त्याची नोंदच दगडांत राहिली आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते शेवटचे भरले असावे, असे संशोधक मानतात. पाणी येते आणि जाते हे काहुइला लोकांच्या परंपरागत कथांतही आहे. त्यांनी पाण्याबरोबर हलणारी राहणी स्वीकारली होती, भूखंडाची कायमची रेघ आखली नव्हती.

आणि १९०५ च्या पुराची किंमतही सर्वप्रथम त्यांनीच मोजली. टोरेस-मार्टिनेझ डेझर्ट काहुइला जमातीच्या राखीव क्षेत्रापैकी सुमारे ११,००० एकर जमीन सरोवराखाली गेली. तिच्या भरपाईचा कायदा अमेरिकी संसदेने २००० साली केला. बॉम्बे बीचविषयी लिहिताना वायव्य काठावरच्या या लोकांना वगळले, तर सरोवराचा इतिहास अर्धाच राहील.

अपरांत

सावली, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य. मासेमारीच्या वाफ्यांचा मुद्दा या धाग्याच्या गाभ्याशी जोडलेला आहे.

दक्षिणतीर

मी सिंचन क्षेत्रात काम केले आहे, म्हणून पाण्याच्या हिशेबावर लिहितो. तो समजल्याशिवाय काठ का सरकतो हे कळणार नाही.

इम्पीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्ट १९११ साली स्थापन झाली. हूव्हर धरण आणि त्यानंतर १९४० च्या दशकात वापरात आलेला ऑल-अमेरिकन कालवा यांमुळे खोऱ्याला खात्रीचे पाणी मिळाले. या संस्थेचा कोलोरॅडोवरील हक्क वर्षाला ३१ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उंच पाणी) आहे. आपल्या भाषेत हे सुमारे १३५ टीएमसी होतात, म्हणजे कोयनेच्या पूर्ण साठ्यापेक्षाही जास्त, आणि तेही दरवर्षी. या पाण्यावर पाच लाख एकरांच्या आसपास जमीन भिजते. जमिनीत क्षार साचू नयेत म्हणून पिकाच्या गरजेहून जास्त पाणी देऊन ते खाली झिरपू द्यावे लागते. शेतांखाली नळ्या घातलेल्या असतात, त्यातून हे क्षारयुक्त पाणी चरांत आणि चरांतून सरोवरात जाते. सरोवराला बाहेर जायची वाट नाही, वर्षाला सहा फुटांच्या आसपास पाणी वाफ होऊन जाते, आणि मीठ मागे राहते. आज त्याची क्षारता समुद्राच्या दुपटीहून अधिक झाली आहे ती यामुळे.

आता २००३ च्या कराराकडे येऊ. कोलोरॅडोच्या पाण्यातून आपल्या वाट्यापेक्षा जास्त उचलणाऱ्या कॅलिफोर्नियाला मर्यादेत आणण्यासाठी हा करार झाला. त्यानुसार इम्पीरियल खोऱ्याने सॅन डिएगोला वर्षाला दोन लाख एकर-फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ८.७ टीएमसी पाणी द्यायचे ठरले, शिवाय कोचेला खोऱ्यालाही काही वाटा. त्यासाठी सुरुवातीला शेते पड ठेवली गेली आणि नंतर शेतावर पाण्याची बचत करण्यात आली. जलव्यवस्थापक म्हणून मी या बचतीचे स्वागतच करीन. परंतु इथे शेतकऱ्याने वाचवलेला प्रत्येक थेंब हा सरोवरात न पोचलेला थेंब असतो, आणि याची जाणीव करार करणाऱ्यांना होती. म्हणूनच २०१७ च्या अखेरीपर्यंत सरोवरात भरपाईचे पाणी सोडण्याची अट होती. ती मुदत संपली आणि काठ झपाट्याने मागे गेला. पंधरा वर्षांची ही सवलत राज्याने पर्यायी उपाय उभे करण्यासाठी वापरायची होती. ते वेळेत झाले नाही, आणि मला ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर चूक वाटते.

जाता जाता भारतीय वाचकांसाठी एक धागा जोडतो. याच खोऱ्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पंजाबी शेतकरी स्थायिक झाले. त्यांतील अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. १९४८ मध्ये एल सेंट्रोला गुरुद्वारा सुरू झाला. वेस्टमोरलंड इथे शेती करणारे दलीपसिंग सौंद १९५६ साली अमेरिकी प्रतिनिधीगृहावर निवडून आले. आशियाई वंशाचे ते पहिले सदस्य. त्यांच्या मतदारसंघात रिव्हरसाइड आणि इम्पीरियल या काउंटी होत्या, म्हणजे बॉम्बे बीचच्या भरभराटीच्या वर्षांत तिचे संसदेतील प्रतिनिधी भारतीय वंशाचे एक शेतकरी होते.

शर्वरी_क

मी कोचेला खोऱ्यात राहते आणि तिकडे जाणे होते, म्हणून आज तिथे काय दिसते ते सांगते.

बांधावर चढले की पलीकडे पाणी दिसायला हवे, पण आधी बराच लांब पांढुरका पट्टा लागतो. लांबून तो वाळूसारखा वाटतो. खाली उतरून ओंजळीत घेतला की कळते, ती वाळू नाही. बार्नॅकल नावाच्या कवचधारी जीवांची फुटलेली कवचे आणि माशांच्या हाडांचे तुकडे यांचा तो थर आहे. पायाखाली तो कुरकुरतो, आणि काही ठिकाणी वरचा कडक पापुद्रा फुटून पाय काळ्या, कुजकट वासाच्या चिखलात जातो. बार्नॅकल इथे मूळचे नाहीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या वाहतुकीबरोबर ते आले असे मानले जाते. चिखलात जुने लाकडी खांब उभे आहेत, त्यांच्या बुंध्याला मिठाची जाड पुटे चढलेली आहेत.

माशांविषयी सांगायचे तर ऑगस्ट १९९९ मध्ये एकाच दिवसात सुमारे ७६ लाख मासे मेल्याची नोंद आहे. पाण्यातील ऑक्सिजन संपतो आणि हे घडते. १९९२ मध्ये सुमारे दीड लाख ग्रीब पक्षी मेले, १९९६ मध्ये बॉट्युलिझम या जीवाणूजन्य विषबाधेने हजारो पेलिकन. हे सरोवर पॅसिफिक किनाऱ्याच्या स्थलांतरमार्गावरचा मोठा मुक्काम आहे. चारशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत आणि कॅलिफोर्नियातील बहुतेक पाणथळ जागा नष्ट झाल्यामुळे त्यांना दुसरीकडे जायची सोय उरलेली नाही.

माणसांसाठी मुख्य प्रश्न धुळीचा आहे. उघड्या पडलेल्या तळाची बारीक माती वाऱ्याबरोबर उडते. इम्पीरियल काउंटीत लहान मुलांमधील दम्याचे प्रमाण राज्याच्या तुलनेत जास्त आहे. बॉम्बे बीचमध्ये दवाखाना नाही. गंभीर रुग्णाला ब्रॉलीला किंवा उलट दिशेने इंडिओला न्यावे लागते.

यमन

या वस्तीवरील छायाचित्रे आणि चित्रफिती पुष्कळ पाहिल्या आहेत. तिला 'भुताचे गाव' म्हणण्याची पद्धत पडली आहे. २०१६ पासून तिथे कलावंतांचा द्वैवार्षिक म्हणून सुरू झालेला पण जवळजवळ दरवर्षी होणारा मेळा भरतो, पडक्या घरांत कलाकृती मांडल्या जातात. यामुळे वस्तीला पुन्हा जीव येतो आहे असे म्हणता येईल का?

शर्वरी_क

यमन, 'भुताचे गाव' हा शब्दप्रयोग मला अत्यंत अन्यायकारक वाटतो. तिथे माणसे राहतात, अंगणात झाडे जगवतात, 'स्की इन' नावाच्या जुन्या खाणावळीत जमतात. त्या खाणावळीच्या भिंती आणि छत पाहुण्यांनी सही करून चिकटवलेल्या डॉलरच्या नोटांनी भरले आहेत. एखादे घर पडके दिसले तरी त्याच्या शेजारच्या घरात कोणाचा तरी संसार असतो, हे छायाचित्र काढणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

कलामेळ्याविषयी मत संमिश्र आहे. काही कलावंत तिथेच घरे घेऊन राहिले, पडीक जागा साफ झाल्या, बाहेरच्यांचे लक्ष वळले, हे चांगले झाले. दुसऱ्या बाजूला, जिथे माणसे केवळ स्वस्ताई म्हणून आली तिथे भूखंडांच्या किमती वाढल्या तर त्यांनी जायचे कुठे? नगराचा दर्जा नसल्यामुळे या बदलावर रहिवाशांना स्वतःचा नियम करता येत नाही, हा अपरांत यांचा मुद्दा इथेही लागू पडतो.

मैत्रेयी_प

शेवटचा एक प्रश्न. पुढे काय? लिथियमविषयी बातम्या येतात, त्याचा या वस्तीला फायदा होणार आहे का?

अपरांत

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लिथियम सरोवराच्या दक्षिण टोकाला, भूऔष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात आहे. खोलवरचे गरम खारे पाणी वर काढून वीज करतात, त्याच पाण्यात लिथियम आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी ऊर्जा विभागाच्या अभ्यासात तिथे एकूण ३४ लाख टन लिथियमचा अंदाज वर्तवला आहे. बॉम्बे बीच त्या पट्ट्याच्या उत्तरेला पडते, त्यामुळे रोजगार मिळाला तरी तो महामार्गाने खाली गेल्यावर. राज्याने लिथियमवर उत्पादनानुसार कर बसवला आहे आणि त्याचा मोठा हिस्सा परिसरातील काउंटींना मिळणार आहे. तो काउंटीच्या तिजोरीत येणार. त्यातून बॉम्बे बीचच्या वाट्याला काय यायचे, ते पुन्हा एल सेंट्रोलाच ठरेल.

सरोवराच्या बाबतीत ते पूर्वीच्या पातळीला भरण्याचा विचार आता व्यवहारात मागे पडला आहे. कोलोरॅडोतच पाणी कमी आहे. सध्याची कामे उघड्या तळावर उथळ पाणथळ जागा तयार करणे, धूळ थोपवण्यासाठी जमीन नांगरून खडबडीत करणे आणि झुडपे लावणे या प्रकारची आहेत. सर्वांत मोठे काम न्यू नदीच्या मुखाशी, चार हजार एकरांहून अधिक क्षेत्रावर २०२१ मध्ये सुरू झाले, तेही दक्षिणेला. २०२४ मध्ये राज्याने सॉल्टन सीसाठी स्वतंत्र संवर्धन मंडळ स्थापन करणारा कायदा केला. बॉम्बे बीचच्या समोरच्या तळावरही ओढ्याच्या पाण्याने तयार झालेली पाणथळ जागा आहे. सरोवर मागे गेल्यावर ती आपोआप वाढली, तिथे पक्षी येऊ लागले आणि आता तिचे जतन करण्याच्या योजना चालू आहेत. माझ्या मते रहिवाशांनी आग्रह धरावा तो या जागेसाठी, कारण तिचे पाणी सॅन डिएगोच्या करारावर अवलंबून नाही आणि ती त्यांच्या बांधापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.